दोन क आणि एक टिंब

जुबैलच्या कचेरीत इकाम्यावर माझं आडनाव
काफ, नून, काफ असं लिहितात.
काना-वेलांटीची भानगड नाही,
म्हणून वाचणारा वाचेल तो मी:
किनक, कुनुक. फाटकावरच्या पोराने तर एकदा
थेट किंग म्हणून हाक मारली
आणि मी गेलो. पगाराचा दिवस होता.

आपल्याकडचे भेटले की निराळंच.
कंक? भुतोंड्याचे? म्हणजे ते हत्तीशी झुंजलेले...
वाक्य तिथेच सोडून माझ्या खांद्यांकडे बघतात.
फेब्रुवारीत कँपच्या मेसमध्ये, दार लोटून घेऊन,
फेटा मलाच बांधतात.
शेजारी फोटोला उभे राहतात
कोरेगावचे, कंधारचे, एक बेळगावचा वेल्डर.
वंशावळ कुणी मागत नाही.
मी कधी खोटं बोललो नाही,
आणि खरं म्हणाल तर मला ठाऊकच नाही.
वडील म्हणायचे, ते डोंगरापलीकडचे, आपण अलीकडचे.
कुठला डोंगर विचारलं
की तंबाखू मळायला घ्यायचे.

मी खाऱ्याचं गोडं करतो.
म्हणजे कारखाना करतो;
मी समुद्र आत येतो त्या तोंडाशी असतो,
जाळीत अडकलेलं काढतो: जेलीफिश, शेवाळ,
एकदा लहान मुलाची चप्पल.
हत्ती अजून आलेला नाही.
जेलीफिशला मात्र मी भितो.

रात्रपाळीत मुलीचा आवाज आला फोनवर:
पप्पा, बाईंनी आडनावाचा अर्थ विचारलाय, दहा ओळी.
शोधलं. कोशात निघालं, कंक म्हणजे बगळा.
त्याची पिसं बाणाच्या बुडाला लावत,
बाण सरळ जावा म्हणून.
हे बरं वाटलं.
खाली आणखी होतं:
अज्ञातवासातल्या एका राजाने
दुसऱ्याच्या दरबारी चाकरी धरताना घेतलेलं नाव.
म्हणजे मालकाशी फासे खेळायचे, मालकाला हसवायचं,
फासा नाकावर बसला
तरी रक्त जमिनीवर सांडू द्यायचं नाही.
त्याचा करार एका वर्षाचा होता.
माझं चौदावं चालू आहे.

आमच्या घराण्याला ह्यातल्या कशावरून पडलं
ते कोश सांगत नाही.
कदाचित कशावरूनच नाही.

उजाडताना कालव्याच्या कठड्यावर
तो नेहमीसारखा उभा. राखाडी. मान खांद्यांत घालून.
मी अबू जवादला बोटाने दाखवलं:
तो, मी. नाव एकच.
अबू जवाद कतीफचा, आमच्या पाळीचा मुकादम.
हसला नाही.
आमच्यात त्याला मालिक अल-हज़ीन म्हणतात, म्हणाला,
दुःखी मालिक.
पाण्याकाठी उभा राहतो आणि पीत नाही.
प्यालो तर संपेल, ही भीती.
तहानेने मरतो, पाण्यात पाय ठेवून.
मग जरा थांबून, माझ्याशी नाहीच:
बापाच्या खजुरीत झरा होता.
त्यात मी पोहायला शिकलो.
आता तिथे ह्या कारखान्याचा नळ आलाय.

दहा ओळींत हे बसत नाही.
बाण सांगू? बाई खूश होतील.
हत्ती तर त्यांना आधीच माहीत असणार.
आवाज भरायला बटण दाबलं
तेवढ्यात भोंगा झाला, जाळी फिरायला लागली,
आणि आमचे आडनावबंधू
वाकले, एक मासा उचलला,
मान वर करून गिळला, गळ्यातून उतरताना दिसला,
आणि पुन्हा वाकून
चोच बुडवली.
अबू जवादच्या हातातला चहा तसाच राहिला.

मुलीकडे पोचलं ते एवढंच:
जाळीचा खडखडाट, खूप वारा,
आणि मधेच माझा आवाज, जरा मोठाच,
लिही बाळा, लिही,
पितो तो.