हातचं राखून

अनीबाल सेर्केइराच्या स्टुडिओत
मी बावीस वर्षं बसले, दुसऱ्यांच्या कपड्यांत.
पोर्तोतल्या बड्या बायकांना वेळ नसायचा.
चेहऱ्यापुरत्या यायच्या, दोन दुपारी,
मग नोकराबरोबर झगा पाठवून द्यायच्या, खोक्यात घालून,
आणि त्या झग्यात मी.

तेव्हा मातोझिन्योशच्या कारखान्यात डब्यांत सार्डिन भरायचे.
हातावर पोट, आणि हाताला खारा वास.
पहिल्या दिवशी त्यानं अर्धं लिंबू दिलं. म्हणाला, चोळ.
चित्राला कुठे वास येतो, मी म्हटलं.
मला येतो, तो म्हणाला.

त्याची सुरुवात तान्ह्या मुलांपासून झाली. मेलेल्या.
निरोप आला की खेचरावर पेटी लादून
दोउरोच्या काठाकाठानं वर जायचा,
मिटल्या डोळ्यांचं पोर उघड्या डोळ्यांचं करून द्यायचा.
काळे होते, म्हणायची आई. नाही, मधासारखे, म्हणायची आजी.
तो आईच्या डोळ्यांत बघून रंग कालवायचा.
पैसे नसले तर कोंबडी. एकदा नुसते अक्रोड.
हे त्यानं मला एकदाच सांगितलं,
ब्रश धुताना, पाठ करून.

मग वाइनचा एक व्यापारी भेटला, नाकावर चामखीळ असलेला.
चामखीळ त्यानं ठेवली,
फक्त खुर्ची जराशी फिरवली, की ती सावलीत गेली.
गावभर झालं: हा खोटं काढत नाही आणि दुखवतही नाही.
त्यानंतर तीन महापौर, एक बिशप,
साबणाच्या कारखान्याचे दोन भाऊ,
जे एकमेकांशी बोलत नसत आणि एकाच चौकटीत हवे होते.
लिस्बनहून पदक आलं. ते त्यानं
डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली घातलं,
आणि पाहुणे आले की काढून पुसून ठेवायचा.

माझी उजवी करंगळी वाकडी आहे.
डब्याच्या पत्र्यानं कापली, वाकडीच जुळली.
तो दर वेळी सरळ करायचा.
एकेचाळीस बायकांना मी सरळ करंगळी दिली,
तीत कुणाकुणाचा पाचू घातला,
संध्याकाळी काढून खोक्यात परत ठेवला.
हात दाखवून अवलक्षण कशाला.

सांता कातारिनाच्या रस्त्यावर फोटोवाला आला,
वीस मिनिटांत माणूस, हातांसकट.
खोकी कमी झाली.
त्यातच त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू.
एका कर्नलच्या बायकोनं चित्र परत धाडलं,
निळा पट्टा तपकिरी झाला म्हणून.
मग रंगाच्या नळ्या मी काढून द्यायला लागले.
मला वाचता येत नव्हतं.
कोबाल्टच्या नळीला मी दातांची खूण केली होती.
गिऱ्हाइकांना कळलं नाही,
किंवा कळलं, आणि त्यांनी तोंडदेखलं कौतुक केलं.

एका दुपारी खोकं नव्हतं.
देओलिंदा, तो म्हणाला, तुझ्या कपड्यांत बस.
बसले. परक्या घरी आल्यासारखी.
बावीस वर्षांत पहिल्यांदा
हात कुठे ठेवायचे ते सुचेना.
पाच दिवस. तो इतका जवळ यायचा
की त्याच्या श्वासातली बडीशेपेची दारू कळायची.
चेहरा झालाच नाही,
अंडाकृती डाग राहिला, अस्तराच्या मातकट रंगाचा.
हात मात्र पुरे केले, नखांतल्या मळासकट,
आणि करंगळी वाकडी काढली.

डाव्या हाताची.

मी काही बोलले नाही.
तो स्टुलावर बसून तळवे पुसत होता, बराच वेळ,
आधीच स्वच्छ असलेले.

पुतण्यानं सगळं विकलं, हे कुणी घेईना,
तेव्हा मला दिलं. चुलीशेजारी टांगलंय.
शेजारीण विचारते, ही कोण, तोंडच नाही हिला?
होती एक गिऱ्हाईक, मी म्हणते.
शुक्रवारी सार्डिन भाजते, खिडकी लावून.
आता चित्राला वास येतो.