तेलाचा काटा

मस्कत सोडून चार तास झाले होते
आणि खाली जे होतं ते सगळं एकाच रंगाचं.

इझिल्दाने काचेवर नख वाजवलं.
तेलाच्या दाबाचा काटा हिरव्यातून खाली सरकला होता,
जेवणाआधीच मांडवातून उठून जाणाऱ्या पाहुण्यासारखा,
कुणाला न सांगता.

तीस वर्षं मी विमानं उघडली, पुसली, मिटली
चिखलीच्या शेडमध्ये, पाय जांभ्यावर घट्ट.
समुद्रावर एकही नाही.
"सगुणबाब," ती म्हणाली, "आता तू बोल."

म्हटलं, तापमान बघ.
दाब पडला आणि तेल तापलं, तर दुखणं खरं.
दाब पडला आणि तेल गप्प, तर काटा खोटा.
तापमान जागच्या जागी.
म्हणजे खोटा.
म्हणजे, बहुतेक खोटा.

हा 'बहुतेक' मी किती सहज वापरत आलो,
गिऱ्हाइकाला, सायबाला, घरी बायकोला.
इथे त्याच्याखाली तीन किलोमीटर हवा होती
आणि हवेखाली तेवढंच पाणी.

मागे वळलो तर चार तास. पुढे गेलो तर चार.
हद्दसुद्धा इथेच कुठेतरी,
नकाशावरची तुटक रेघ.
एका देशाचा आवाज विरून गेलेला,
दुसऱ्याचा अजून लागत नव्हता.
जॅकेटं चढवली. (आत असताना फुगवायची नाहीत,
हे तिने मला दोनदा सांगितलं.)
मी डोळे मिटून इंजिन ऐकलं.
सहा सिलिंडर. मोजले.
पुन्हा मोजले.

मग वरून, खूप वरून, कुणीतरी आमची हाक उचलली.
कुठल्या मुलखाचा कोण जाणे, र जिभेवर घोळवणारा.
आमचं म्हणणं त्याने मुंबईला सांगितलं,
मुंबईचं आम्हाला,
शेजारच्या पोराने निरोप पोचवावा तसं, शब्द न गाळता.
त्याच्या पाठीमागे तीनशे माणसं तेव्हा जेवत असतील.
जाता जाता म्हणाला,
मीपण असल्याच लहान विमानावर शिकलो.
आणि गेला.

इझिल्दाने घड्याळ दीड तास पुढे केलं.
क्षणभर वाटलं, तेवढा वेळ तरी वाचला.
वाचला नव्हता.

शेवटच्या तासात तापमानही हललं.
एक रेघभर.
मी पाहिलं. तिने पाहिलं.
मी पाहिलं हे तिनेही पाहिलं.
"भियेनाका," ती म्हणाली,
पण काट्याकडे बघून,
माझ्याकडे नाही.

मुरगावसमोर नांगरलेल्या जहाजांचे दिवे आधी दिसले,
मग दाबोळीची धावपट्टी, पठारावर आडवी टाकलेली.
आमच्यासाठी एका मोठ्या विमानाला त्यांनी थांबवून ठेवलं होतं.
त्याच्या पुढ्यातून आम्ही उतरलो,
शाळेत उशिरा आलेल्या मुलांसारखे, मान खाली घालून.

इंजिन बंद झालं.
मी आधी पोटाखाली शिरलो.
नाकापासून शेपटीपर्यंत काळं, चकचकीत, अजून गरम.
तडकली होती ती नेमकी काट्याकडेच जाणारी नळी,
करंगळीहून बारीक.
स्वतःची जखम तो चार तास दाखवत होता
आणि मी त्याला खोटा ठरवत होतो.

कस्टमचा माणूस कागद घेऊन उभा होता.
जाहीर करण्यासारखं काही?
इझिल्दा हसू लागली, थांबेना.
शेवटी मीच म्हटलं, तीन लिटर तेल.
नऊ होतं.
त्याने मान वर केली नाही. असा रकानाच नव्हता.

नवी नळी परदेशातून आली, वीतभर लांबीची,
आणि अकरा दिवस त्याच माणसाच्या कपाटात पडून राहिली.
तिच्याकडे पुरेसे कागद नव्हते.
मी रोज जाऊन बसायचो. चहा मिळायचा.

जुनी मात्र त्या रात्रीच माझ्या खिशातून घरी आली होती,
कुणालाही न दाखवता.
सकाळी बायकोने सदरा वर धरला.
कसला डाग?
तेल, म्हटलं.
जाईल का?
बहुतेक.