मिसळणाच्या डब्यात दहा स्क्रू

जेल रोडवर लखवानी म्हणाला,
"आंटीजी, रहने दो. आठ सौ में मैं लगा दूँगा."
आठशे.
मालगंजच्या शेववाल्याचा दोन महिन्यांचा
जीएसटी भरते मी आठशेत,
त्याची तेलकट बिलं वर्तमानपत्रात दाबून, टिपून.
म्हटलं, सामान द्या. पेचकस आहे घरी.

होताही. पण तो शिवणयंत्राचा, जाडा.
हे स्क्रू मुंगीच्या डोक्याएवढे.
शेवटी चष्मेवाल्याकडून आणला, मागून.

रात्री जेवणं उरकल्यावर ओटा कोरडा केला,
लॅपटॉप पालथा घातला.
आठ वर्षांत याची पाठ नीट पाहिली नव्हती.
मिसळणाचा डबा रिकामा करून धुतला, कारण
वरचे स्क्रू लांब, खालचे आखूड,
एक रबरी पायाखाली दडलेला,
आणि ज्याची जागा त्यालाच हवी.
मोहरीच्या वाटीत डावीकडचे, जिऱ्याच्या वाटीत उजवीकडचे.
हळदीची वाटी कितीही घासा, पिवळी ती पिवळीच.
तिच्यात तो दडलेला.

श्रीरंग टॉर्च धरून उभा.
नर्मदेच्या पाइपलाइनवर तीस वर्षं काढलेला माणूस,
उजेड नेमका नको तिथे पाडतो.
"आधी मेन व्हॉल्व्ह बंद कर," म्हणाला.
बरोबरच होतं. बॅटरीची वायर आधी काढायची असते.
मग नळाला हात लावायचा,
अंगातली वीज नळात सोडायची,
त्यानंतरच आत बोट.
सोवळंच की हे, मी म्हटलं.
"कुणाचं? त्याचं की तुझं?"

आत शेव होती.
खरंच. पंख्याच्या पात्यांत लवंगी शेवेचा चुरा,
कुठल्या तरी मार्चअखेरच्या रात्रीचा.
धूळ तर ब्रशला अख्खी चिकटून आली,
बाळाच्या टोपडीसारखी.
आणि एक केस. लांब.
मुळापासून शेंड्यापर्यंत काळा.
टॉर्च पहिल्यांदाच योग्य जागी स्थिर झाला.
"तुझाच," तो म्हणाला.
मी फुंकर मारली.

चारची पट्टी काढली, आठची तिरकी टेकवली, दाबली.
दोन्हीकडून खट् व्हायला हवं,
एकीकडूनच झालं, आणि मी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं.
बटण दाबलं. पडदा काळा.
श्रीरंग काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.
सव्वाबारा वाजता, वीस तारखेच्या दोन दिवस आधी,
तीन दुकानांचे हिशेब पोटात असलेलं यंत्र
ओट्यावर उघडं पडलेलं, आणि मी
खोडरबरानं पट्टीचे सोनेरी दात घासत बसलेली.
पुन्हा तिरकी. पुन्हा दाब.
खट्.
खट्.

अकरा मिनिटं लागायची आधी, सुरू व्हायला.
बटण दाबून मी खिडकीशी जायची.
कोपऱ्यावरचा पोहेवाला जीरावन भुरभुरायचा,
त्याची मुलगी सायकलच्या सीटवर वही ठेवून लिहायची.
कधी कणीक मळून व्हायची, कधी काहीच नाही.
त्या वेळात कुणी मला काही मागत नसे.
"चालू होतोय अजून," एवढं म्हटलं की पुरे.

आता चौदा सेकंद. मोजले.
गॅस पेटवून वळते तोवर
हा पासवर्ड मागत तयार.

सकाळी कचरागाडी आली गाणं वाजवत.
ई-कचऱ्याच्या खणात जुनी पट्टी टाकली.
जुनी डिस्क नाही दिली.
सगळं कालच नवीवर उतरलंय, तार लावून, रात्रभर,
तरी नाही दिली. गरगरायची ती,
तिच्या आवाजावरून कळायचं, अजून किती वेळ आहे.

मोहरी भरली. जिरं भरलं, धने भरले.
हळदीच्या वाटीत
एक स्क्रू उरलाय.
लॅपटॉप त्याच्यावाचून चालतोय, पळतोय म्हणा.
हळद तेवढी
पुडीतच ठेवलीये अजून.