नमुना एकेचाळीस

एन्स्खेडे. सकाळचे सव्वासात.
सायकलींच्या खोगिरांवर अजून दव,
आणि बेरेंड येऊन बसलाय
खिडकीकडे पाठ करून, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून.

काचेची पट्टी, बिस्किटाएवढीही नाही.
तिच्यात केसाएवढे पाट,
पाटात खांबांच्या रांगा,
प्रत्येक रांग आधीच्या रांगेहून किंचित सरकलेली.
लहान पेशी खांबांना वळसे घालत पुढे निघून जाते,
मोठी धडकते, सरकते,
पुन्हा धडकते, पुन्हा सरकते,
शेवटी कडेच्या दारातून बाहेर.
सूप नाही, वारा नाही, तरी हे पाखडणंच.

बापाने याच गावात तीस वर्षं माग चालवला.
धागा तुटला की त्याला आवाजावरून कळायचं;
घरी मात्र हाक दोनदा मारावी लागे.
बेरेंडच्या कामाला आवाज नाही.
पंप मधूनच टिचकी मारतो, तेवढाच.

एका बाजूने रक्त, दुसऱ्या बाजूने खारं पाणी.
शेजारी शेजारी वाहतात, मिसळत नाहीत;
इतक्या अरुंद जागेत पाण्याला भोवरा जमत नाही.
हिल्केबरोबरच्या संसाराची शेवटची चार वर्षं
त्याला आठवतात.
हे तो नोंदवहीत लिहीत नाही.

साडेनवाला बुडबुडा.
पाटाच्या तोंडाशी अडून बसलेला,
मागे पेशींची दाटी.
‘टाकून देऊ,’ शमीरान म्हणते, ‘दुसरा नमुना मागवू.’
ती नवी आहे. तिने चिठ्ठी वाचलेली नाही:
शीर सापडत नव्हती. तीनदा टोचावं लागलं.
कोणाला, ते चिठ्ठीत नाही.
बेरेंड नळी वर धरतो,
नखाने टकटक करतो,
झोपलेल्या घराचं दार वाजवावं तशी, हलकेच.
वीस मिनिटं.
मग बुडबुडा जातो. कुठे, कोण जाणे.

दुपारी कडेच्या दारात एक.
बराच वेळ काही नाही.
मग दुसरी. मग लागोपाठ दोन,
चकाकत्या, रंग धरलेल्या, नेमक्या त्याच.
‘सापडल्या!’ शमीरान टाळी वाजवायला उठते
आणि तिचे हात अर्ध्यावर थांबतात.

कोणी काही बोलत नाही.
बेरेंड वहीत लिहितो: चार.
आकड्याला पुन्हा एकदा गिरवतो, उगाच.

मग पट्टी धुतो.
बाकीचं रक्त, जवळजवळ सगळंच,
ज्याच्यात काही वावगं नव्हतं,
टाकाऊच्या बाटलीत
गुलाबी होऊन बसलेलं असतं.