आपण मृत आहात

आधी किरकोळ बातम्या.
तो खेळ पुन्हा पुढे गेला.
दिवाळीचा होता, होळीचा झाला,
आता म्हणतात, 'योग्य वेळी'.
नॉव्हेल्टी मार्केटच्या जिन्यावर टिनू दासवानीनं हे वाचलं
आणि अर्धा समोसा परत कागदात गुंडाळला.
म्हटलं, भिया, इतकं मनाला नको लावून घेऊ,
आमच्या गल्लीतला खोदलेला रस्ताही
योग्य वेळीच भरणार आहेत.

कन्सोल महागलं. त्यावर मी बोलणार नाही.
माझ्या जुन्याचा पंखा गिरणीसारखा घरघरतो,
उन्हाळ्यात त्याच्यासमोर टेबलफॅन लावते.
पंख्याला पंखा.

पण एक बातमी घरात शिरली.
'राखेचे दरवाजे'मध्ये अकरा भाषा आल्या,
आणि यादीत खाली, थाईच्या नंतर,
मराठी.
मी बटणावर अंगठा ठेवून थांबले.
शाळा हिंदीत, कॉलेज इंग्रजीत,
मराठी म्हणजे सुदामानगरचं स्वयंपाकघर
आणि गणपतीत कुणीतरी केलेलं लांबलचक सूत्रसंचालन.
तिच्या हातात तलवार कधी पाहिली नव्हती.

दाबलं.
'खेळ भारला जात आहे.'
'आपला अश्व निवडा.'
पहिल्याच वळणावर राखेचा राक्षस आला,
त्यानं मला उचललं, आपटलं, वर पाय दिला,
आणि काळ्या पडद्यावर लाल अक्षरांत,
अत्यंत नम्रपणे:
आपण मृत आहात.

बाबा पेपर ठेवून उठले.
वीज कंपनीतून रिटायर, चौदा वर्षं
समाजाच्या त्रैमासिकाची प्रुफं तपासतात.
माझ्या खेळाला आजवर 'तुझं ते ठांय ठांय' म्हणणारे बाबा
टीव्हीला नाक लावून म्हणाले,
'मृ बरोबर आहे.
पण खाली पूनरागमन लिहिलंय बघ. पु ऱ्हस्व हवा.'

मग रोज रात्री, भांडी झाल्यावर,
मी मरायची, ते तपासायचे.
अग्नीबाण. शत्रुशी.
'दुरूस्ती' तर दुरुस्तीचीच चुकलेली,
त्या दिवशी ते फार खूश होते.
वीजबिलांच्या कोऱ्या पाठीवर यादी,
आणि पान नंबर नसल्यामुळे प्रत्येक चुकीपुढे
मी कुठे मेले ते:
पुलावर. विहिरीत. परत विहिरीत.
मधेच विसरून ओरडायचे,
'अगं, तो मागून येऊन राहिला आहे! डावीकडे सरक ना!'
ही चूक मी यादीत घातली नाही.

त्रेचाळीस झाल्या.
कंपनीला लिहायच्या पत्राचा शेवट तयार आहे:
'प्रयत्न स्तुत्य आहे. कळावे.
आपला, पद्माकर टेंबे, इंदूर.'

काल टिनूनं फोन पुढे केला.
कंपनीनं दोनशे माणसं काढली,
त्यात भाषांचा अख्खा विभाग.
दुसऱ्या भागात पाचच भाषा.
'मशीन करेल ना आता,' टिनू म्हणाला, 'फुकटात.'

म्हणजे हे माणसानं केलं होतं.
मला कसं सुचलं नाही.
कुठल्यातरी शहरात, रात्री दोनला,
खेळ न दाखवताच दिलेल्या ओळींची शीट समोर,
कुणीतरी अडलं असणार एका शब्दापाशी:
मेलास म्हणू की मेलीस?
पलीकडे कोण बसलंय, मुलगा की बाई,
त्याला कुठे ठाऊक.
की तिला.
मग चहा घेतला असेल, खोडलं असेल,
आणि शेवटी लिहिलं असेल 'आपण'.
मी अकरा दिवस हसत होते त्याला.

बाबांना अजून सांगितलं नाही.
ते यादी सुवाच्य अक्षरात उतरवतायत,
चव्वेचाळिसावी दिसली म्हणे, पण पक्की नाही.
'एकदा परत मर ना,' म्हणाले,
'विहिरीपाशी. घाई नको करू.
मला नीट वाचू दे.'