एक पीळ जास्त

भिंतीपलीकडून शब्द येत नाहीत,
नुसता आवाजाचा चढ-उतार येतो.
मला तेवढा पुरतो.
बत्तीस वर्षं मी लिएपायातल्या पियानोंच्या तारा जुळवते आहे,
शाळांतल्या, चर्चमधल्या, आणि त्या एका दंतवैद्याच्या,
ज्याच्या घरी कुणीच वाजवत नाही.

पलीकडे माझा भाऊ, ओयार्स.
ट्रामच्या डेपोतून निवृत्त.
ताट मांडीवर, फोन मिठाच्या बरणीला टेकवलेला.
फोनमध्ये तो माणूस. मऊ आवाज, राखाडी स्वेटर,
मागे कपाट, ज्यातलं एकही पुस्तक
कधी जागचं हललेलं नाही.

आधी वाटलं, बरं आहे, सोबत आहे त्याला.
मग पिठाची पोती आली.
मग पाण्याचा फिल्टर. मग दुसरा. मग तिसरा.
मग खालची बेनिता धुरावलेले मासे घेऊन वर आली
तर यानं दार उघडलं नाही.
"उपासमार आली की पहिली थाप शेजाऱ्याचीच पडते,"
मला म्हणाला.
हे वाक्य त्याचं नव्हतं.
आमच्या घरात कुणी एवढं घोटीव बोलत नाही.

तो माणूस खोटं बोलत नाही, हीच तर पंचाईत.
लोणी महागलंय. खरंय.
डॉक्टरची तारीख तीन महिन्यांनी मिळते. खरंय,
माझा डावा गुडघा साक्षीला आहे.
पोरं विमानात बसतात ती परत येत नाहीत. खरंय,
ओयार्सची लासमा डब्लिनला आहे.
तो फक्त प्रत्येक तारेला
एक पीळ जास्त देतो.

जवळजवळ जुळलेल्या दोन तारा एकदम छेडल्या
की मधे काहीतरी थरथरत राहतं,
जे दोन्हीतल्या कुठल्याच तारेत नसतं.
पार बेसूर पियानो माणूस झाकून उठतो.
हा थोडासाच चढलेला,
म्हणून कान तिथंच अडकतो,
आता जुळेल, आता जुळेल.
मीही एका रात्री तीन वाजेपर्यंत ऐकत बसले होते.
सांगायला लाज वाटते.
उठले तेव्हा दाराची कडी दोनदा चाचपली.

वाद घातला नाही.
वादाची तयारी त्यानं आधीच करून घेतलेली:
"तुमच्या घरचेच तुम्हाला वेड्यात काढतील."
मी माझा नादकाटा घेऊन शेजारी बसले.
म्हटलं, तू बघ, मी नुसती ऐकते.
बातमी सांगून झाली की तो श्वास घ्यायचा,
आवाज तीन पायऱ्या उतरायचा,
"हे तुम्हाला दुसरं कुणी सांगणार नाही."
दर वेळी त्याच तीन पायऱ्या.
तिथं मी काटा उजव्या गुडघ्यावर आपटून
टेबलाला टेकवला. टेबल गुणगुणलं.
पुन्हा उतरला, पुन्हा गुणगुणलं.
"पोरकटपणा बंद कर," ओयार्स म्हणाला.
"काम करते आहे," मी म्हटलं.
शेवटी तो माणूस हसला, तासाभरात पहिल्यांदा,
आणि फिल्टरवर पंधरा टक्के सूट आहे म्हणाला.

"अकरा वेळा," मी म्हटलं.
बराच वेळ खिडकी वाजत राहिली.
आमच्या गावात वारा पाहुणा म्हणून येत नाही,
तो घरमालक आहे.
"बारा," ओयार्स म्हणाला. "एक तुझ्याकडून सुटला."

सुधारला वगैरे नाही.
फोन अजून त्याच बरणीला टेकलेला असतो.
पण परवा भिंतीपलीकडे तो आवाज उतरू लागला
आणि दुसऱ्या पायरीवरच तुटला.
मग खुर्ची सरकली. मग जिना.
मग खाली बेनिताच्या दारावर थाप,
अवघडलेली, अंमळ बेताल.

मासे नव्हते म्हणे तिच्याकडे.
पीठ मात्र तिनं ठेवून घेतलं.