चीप

किनवटच्या पुढे, सागाच्या पानगळीत
दोन ट्रॉल्यांत मावेल एवढा आमचा प्लांट:
हैदराबादेहून आणलेला जुना क्रशर,
मुजीबभाईने टँकरच्या पत्र्यातून वळवलेली बॉल मिल,
आणि हलणारं टेबल. त्यावर
जड एकीकडे, हलकं एकीकडे जायला हवं होतं.

गेलं नाही.
तीन दिवस सगळं एकाच बादलीत, लाल गाळ.
मालकाचा फोन वाजत राहिला, मी उचलला नाही.

लेव्हलचा बुडबुडा तर बरोब्बर मधोमध.
रेणका मडावी म्हणाली, साहेब,
सूप कुणी सपाट धरतं का?
आणि फुटक्या कवेलूची चीप
टेबलाच्या पायाखाली सारली.

काळी रेघ निघाली, केसाएवढी.

नकाशात मी लिहिलं: चीप, एक नग.
माप विचारलं
तर तिने अंगठ्याचं नख दाखवलं.